उस्तादचा पट्टा

घरजावयाला चहा मिळतो, पण कपाची दांडी नेहमी त्याच्या उलट्या बाजूला असते. हे लंब्याला चार महिन्यांत पक्कं कळलं होतं.

लंब्या म्हणजे सहा फूट आणि वर थोडा. कपाटांच्या कारखान्यात होता, कारखाना बंद पडला. मग सार्वजनिक बागेत सहा आठवड्यांचं शिक्षण घेतलं: दोरावर झाडात चढायचं, किडकी फांदी नेमकी कुठून कापायची, कापलेली फांदी कुणाच्या डोक्यात न घालता खाली कशी सोडायची. त्याला ते जाम आवडलं. एकदा वर गेलं की कुणी काही विचारत नाही. खाली मात्र सगळेच विचारायचे. शेजारचे काका तर रोज. झाडांचा डॉक्टर झालास म्हणे, मग ताप बघायला थर्मामीटर कुठे लावतोस? आणि स्वतःच हसायचे.

सासूबाई गेल्यापासून बायकोला वडिलांना एकटं सोडवत नव्हतं, म्हणून दोघं तिच्या माहेरीच राहायची. दोन खोल्या. एकीत सासरे, दुसरीत ही दोघं, बायकोचं शिलाई मशीन आणि लोकांचे अर्धे शिवलेले पडदे. लंब्या पाय लांब करायचा तर पडद्यांवर जायचे. म्हणून तो चार महिने गुडघे पोटाशी घेऊन झोपत होता.

काम शोधायला तो कमी फिरला नाही. पण जिथं जाईल तिथं पहिला प्रश्न एकच. सामान आहे का स्वतःचं? पट्टा, दोर, हेल्मेट, कड्या? नसेल तर ये नंतर. सामान घ्यायला काम पाहिजे आणि काम मिळायला सामान पाहिजे. वेड गेल्याशिवाय लग्न नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, तसली गत. एका सोसायटीच्या सेक्रेटरीनं मात्र सामानाचं विचारलं नाही. त्याच्या गाडीवर पानं पडतात म्हणून धडधाकट झाड मुळापासून उडवायचं होतं. लंब्या म्हणाला, दोनच फांद्या सुकल्यात, तेवढ्याच काढू. सेक्रेटरीनं दार लावून घेतलं.

आता सासऱ्यांबद्दल. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. बावीस वर्षं झाडांवर काढलेली. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून थांबले, असं ते सांगायचे. त्यांचा पट्टा दारामागच्या खिळ्यावर असायचा. म्हणजे कमरेला आणि दोन्ही मांड्यांना घालायचा तो चढायचा पट्टा, ज्याला दोर अडकवून माणूस वर लटकतो. कधीकाळी नारिंगी असेल, आता विटलेल्या जुन्या छत्रीसारखा. त्या खिळ्यावर दुसरं काही टांगायची कुणाची टाप नव्हती. एकदा लंब्यानं चुकून शर्ट अडकवला, तर उस्ताद दिवसभर बोलले नाहीत. पाहुणा आला की पट्टा खाली उतरायचा आणि तेच वाक्य यायचं, "बावीस वर्षं. एकदाही सोडलं नाही यानं मला."

एका गुरुवारी संध्याकाळी उस्तादांनी बातमी आणली. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक गडी आता मुकादम झाला होता. शाळेला सुट्टी होती, आवारातल्या सहा निलगिरींची छाटणी निघाली होती, आणि सोमवारपासून लंब्याला कामावर घ्यायला मुकादम तयार होता. शेजारचे काका, काकू, वरच्या मजल्यावरचे दोघं, सगळ्यांना बोलावून उस्तादांनी खिळ्यावरचा पट्टा काढला आणि जावयाच्या हातात ठेवला.

"जावईबापू, मी त्याला शब्द दिलाय. माझा पट्टा लावून येईल म्हटलं. म्हणून तर त्यानं घेतलं, नाहीतर तुम्हाला ओळखतो कोण?"

सगळे हसले. लंब्यानं पट्टा हातात फिरवला. डाव्या मांडीपाशी तो जरा जास्तच कडक लागला. पण तोंडातून निघालं ते "बरं, मामा." मंडळी, हा "बरं" तुम्हीही कुठे ना कुठे म्हटलेला असणार. तोंडात दोनच अक्षरं, आणि मागून सगळा माणूस त्यात अडकतो.

बायको मशीनपाशी बसली होती. तिनं वर बघितलंच नाही. लंब्याला वाटलं, वडिलांचं प्रेम बघून तिला भरून आलं असेल.

दोर आणि हेल्मेट मात्र नवं घ्यावं लागणार होतं. बायकोनं पडद्यांच्या कामातून बाजूला ठेवलेलं काढून दिलं आणि शुक्रवारी लंब्या दुकानात गेला. दुकानाची मालकीण पन्नाशीची, चष्मा दोरीनं गळ्यात. तिला दोरवाली म्हणायचे. तिला सामान विकण्यापेक्षा गिऱ्हाईकाची उलटतपासणी घ्यायचीच जास्त हौस.

झाड किती उंच, असं तिनं विचारलं. लंब्यानं सांगितल्यावर तिनं त्याच्या दुपटीहून थोडा जास्त दोर मापला. वर जाऊन खालीही यायचं असतं, म्हणाली. दोर कमी पडला तर जमिनीपर्यंत तो पोचत नाही, तू पोचतोस. लंब्यानं एक मऊ, चकचकीत दोर उचलला तर तिनं हातातून काढून घेतला. तो डोंगर चढणाऱ्यांचा, ताणतो. झाडावर त्याला लटकून कापायला लागलास तर दिवसभर पाळण्यात बसल्यासारखा हलशील. हेल्मेट डोक्यावर ठेवून तिनं त्याला मान झटकायला लावली. एक गळून पडलं, दुसरं राहिलं. गळालेलं तिनं परत फळीवर ठेवलं आणि म्हणाली, ती टोपी आहे.

मग विचारलं, "आणि पट्टा?"

लंब्यानं पिशवीतून उस्तादांचा पट्टा काढला. तिनं आधी फळीवरचा एक नवा पट्टा त्याच्या अंगावर चढवला, छताच्या आकड्याला अडकवला आणि कप्पीची दोरी ओढली. लंब्याचे पाय फरशीवरून सुटले.

"पाच मिनिटं लटक. उभं राहून सगळेच पट्टे चांगले वाटतात."

"पण मला हा घ्यायचाच नाही."

"माहीत आहे. घ्यायचा नसला तरी चांगला पट्टा अंगाला कसा लागतो ते कळू दे."

आणि लंब्या छताला लोंबकळत असताना तिनं चष्मा चढवून जुना पट्टा काउंटरवर पसरला. बनवल्याची तारीख असते ती चिठ्ठी झिजून गेली होती. कडेचे धागे पिंजलेले. कमरेवरनं ती डाव्या मांडीपाशी आली आणि थांबली.

"हे कुणी शिवलं?"

लंब्याला खाली उतरता येत नव्हतं. त्यानं लटकल्या लटकल्या मान वाकडी केली. दोरवालीनं पट्टा त्याच्या नाकासमोर धरला. कंपनीची शिवण दाट असते, आडवीतिडवी, ठोकळ्यासारखी. ही होती सरळ रेघ, एकसारखी, बघत राहावी अशी. धागाही नारिंगीच, तोच विटका रंग शोधून लावलेला. आणि शेवटाला तीन उलटे टाके.

ते तीन टाके लंब्याच्या उशीवर होते. त्याच्या शर्टाच्या खिशावर होते. घरातल्या प्रत्येक पडद्यावर होते. आपल्या माणसाचं अक्षर ओळखावं तसे त्याला ते ओळखू आले.

"माहीत नाही," तो म्हणाला.

"शिवणारीचा हात फार छान आहे," दोरवाली म्हणाली. "पण हा धागा पडद्याचा. पडदा पडला तर लोकांना खिडकी दिसते. तू पडलास तर काय दिसेल?"

लंब्यानं सांगायचा प्रयत्न केला. सासऱ्यांनी दिलाय, चार लोकांसमोर दिलाय, कामच त्यांच्या शब्दावर मिळालंय, आणि आपण राहतो त्यांच्या घरात. शिवाय मुकादमाची पद्धत आहे म्हणे. नवा गडी चढायच्या आधी त्याच्या वजनाचा ओंडका पट्ट्याला बांधून फांदीवरून टांगतात. पट्ट्यानं ओंडका पेलला की गडी पास.

ती हसली. एकानं म्हणे काडीपेटी घेतली आणि चांगली आहे का बघायला सगळ्या काड्या ओढून पाहिल्या. सगळ्या पेटल्या. खूश होऊन रिकामी पेटी घेऊन घरी गेला. शिवणीचंही तसंच, ओंडका टांगला की होते नव्हते ते टाके ताणले जातात. आज पेललं, एवढंच त्यातून कळतं. उद्याची ताकद त्यात थोडी खर्च होते.

"नाही म्हणता येत नाही हो," लंब्या म्हणाला.

"नाही म्हणायला जीभ उचलत नाही, आणि सगळं अंग या टाक्यांवर टांगायला तयार आहेस." तिनं कप्पीची दोरी अजून सोडली नव्हती. "भीड भिकेची बहीण म्हणतात. आमच्या धंद्यात ती तिरडीची बहीण आहे, पोरा. ते बघ."

कोपऱ्यात एक पिंप होतं, कापलेल्या पट्ट्यांनी भरलेलं. जुना पट्टा आला की ती आधी त्याचे दोन तुकडे करायची आणि मगच बोलायला बसायची. नुसता फेकला तर कुणीतरी उचलतं, म्हणाली. आणि उचलणारा बहुतेक वेळा घरचाच असतो. लंब्याचा पट्टा मात्र तिनं कापला नाही. तो तुझा नाही, तुझ्या सासऱ्यांचा आहे, त्यांनीच कापायला हवा, असं म्हणून तिनं त्याला खाली सोडलं.

घरी आला तेव्हा बायको मशीनवर होती. काय म्हणाली दुकानात, असं तिनं विचारलं. दोर चांगला आहे म्हणाली, असं त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली आणि मशीन चालवलं. लंब्याची नजर तीक्ष्ण. त्याला दिसलं की ती शिवून झालेल्या शिवणीवरूनच परत सुई चालवतेय.

शनिवार गेला, रविवार गेला. त्याच्या मनात यायचं, विचारलं तर बापलेकीत मीच आग लावली असं होईल. तिच्या मनात काय होतं ते नंतर कळलं. वडिलांनी चार वर्षांपूर्वी पट्टा शिवून घेतला होता आणि कुणाला बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं. आता बोलावं तर वडिलांचा शब्द मोडतो आणि नवऱ्याचं काम जातं. दोन खोल्यांत तीन माणसं आणि तिघांनाही शिवण माहीत. तरी मिठाची बरणी दे, दिवा मालव, याच्यापलीकडे कुणी बोलेना. असल्या घराचा संताप येतो. पण आपलं घर आठवून बघा आणि मग संतापा.

सोमवारी सकाळी उस्ताद स्वतः इस्त्रीचा शर्ट घालून शाळेच्या आवारात हजर. मुकादमानं त्यांना खुर्ची दिली. मग ओंडका आला, पट्ट्याला बांधला, फांदीवरून वर ओढला. पट्टा करकरला, पण त्यानं ओंडका पेलला. उस्तादांनी मुकादमाकडे बघितलं. मुकादम म्हणाला, उस्तादचा पट्टा आहे, प्रश्नच नाही.

लंब्याच्या मनात वेडी आशा होती की तो तिथंच उसवेल. आता तीही गेली. त्यानं पट्टा अंगाला चढवला.

शिडी लावली. खोडाला दोन फांद्या फुटतात त्या पहिल्या दुबेळक्यापर्यंत, म्हणजे दोन मजल्यांइतकं, शिडीनं चढायचं, वरून टाकलेला दोर पट्ट्याला अडकवायचा आणि पुढचं दोरावर. लंब्या दुबेळक्यात पोचला. कडी अडकवली. एवढ्यात मुकादमानं खालून शिडी काढून घेतली. ही त्याची दुसरी पद्धत. शिडी असली की माणूस खाली बघतो, शिडी गेली की वर बघतो, असं तो म्हणायचा.

आता फक्त मागे रेलायचं होतं. खोड सोडायचं, सगळं वजन पट्ट्यावर द्यायचं आणि झोका घेऊन पलीकडच्या फांदीवर जायचं. लंब्यानं खोडाला मिठी मारली ती मारली. निलगिरीची साल सुटून त्याच्या गालाला चिकटली. वर जाता येईना, खाली येता येईना, आणि तोंड उघडता येईना. दोन खोल्यांतून सुटायला म्हणून तो झाडावर आला होता. झाडावर तर एकाच माणसापुरती जागा निघाली.

"लटक की," मुकादम ओरडला. "उशीर होतोय."

उस्ताद खुर्चीतून उठले. "जावईबापू, माझ्या पट्ट्यावर भरवसा नाही वाटतं?"

खालचे गडी हसले. एकानं विचारलं, जेवण वरच पाठवू का? लंब्यानं डोळे मिटले. एक हात सुटला. आता दुसराही सोडणार होता. खरंच सोडणार होता, निव्वळ लाजेनं.

तेवढ्यात फाटक वाजलं. त्याची बायको सायकल तशीच आडवी टाकून धावत आली. हातात धाग्याचं रीळ होतं, विटक्या नारिंगी धाग्याचं.

"हात सोडू नका!" ती वर बघून ओरडली. मग वडिलांसमोर उभी राहिली आणि आवाज एकदम खाली आला. "बाबा, त्यांना उतरवा. डाव्या मांडीची शिवण माझी आहे. या धाग्याची. मी पडदे शिवते, बाबा. मला माणूस शिवता येत नाही."

वरून लंब्याचा आवाज आला.

"मला माहीत आहे. शुक्रवारपासून."

बायकोनं मान वर केली. "माहीत होतं? माहीत असून चढलात?"

"तुला पण माहीत होतं. तू चढू दिलंस."

झाडाच्या वर एक आणि खाली एक, पण चार महिन्यांत त्या दोघांचं एवढं खरं बोलणं झालं नव्हतं.

मुकादम उस्तादांकडे बघत राहिला. उस्तादांनी रीळ हातात घेतलं, फिरवलं, परत खुर्चीत बसले. त्यांना वाटलं असतं तर पोरीला खोटं पाडता आलं असतं. शब्द त्यांचाच चालायचा तिथं. पण वर फांदीत अडकलेली ती लांब तंगडी त्यांना दिसत होती, आणि ते काय असतं हे तिथं फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

"सोडलं होतं यानं मला," ते म्हणाले. "शेवटच्या झाडावर. डावी शिवण उसवली. एका मांडीवर उलटा लटकलो, तासभर. तुम्ही सगळे जेवायला गेला होतात, भिंतीपलीकडे. हाक मारली असती तर आला असतात. मारली नाही, कसाबसा एकटाच उतरलो. उस्ताद हाक कशी मारणार?"

"तुम्ही तर गुडघे म्हणाला होतात," मुकादम म्हणाला.

"गुडघे चांगले आहेत माझे." उस्ताद खाली बघत होते. "पट्टा फेकला असता तर लोकांनी विचारलं असतं, का फेकला. म्हणून शिवून घेतला. खिळ्यावर टांगला. रोज बघून बघून मलाच वाटायला लागलं, पक्का आहे. शिडी लाव रे. पोरगं उतरव."

"जावईबापू" नाही म्हणाले. "पोरगं" म्हणाले.

लंब्या उतरला. पट्टा काढून त्यानं सासऱ्यांपुढे धरला, आणि त्यांना पहिल्यांदाच नाही म्हणाला, "मामा, मी हा घालणार नाही. काम गेलं तरी चालेल." आवाज चिरका निघाला, पण निघाला. उस्तादांनी गड्याच्या हातातली फांद्या छाटायची मोठी कात्री मागून घेतली. पट्टा जाड, कात्री बोथट. तीनदा दाबावी लागली. डावी मांडी आधी कापली. मग कमर. कुणी मदतीला गेलं नाही, आणि ते बरंच केलं.

मुकादम बाजूला जाऊन पाठमोरा उभा होता. लंब्याला दिसलं, तो स्वतःच्या कमरेचा पट्टा उलटा करून शिवण बघतोय.

सगळं तिथल्या तिथे गोड झालं असं समजू नका. त्या दिवसाचं काम बुडालं, ठेकेदार मुकादमावर भडकला आणि लंब्या पुढचे अकरा दिवस परत घरीच बसला. शेजारच्या काकांना नवा विनोद मिळाला. पण बाराव्या दिवशी मुकादम घरी आला. ओंडका टांगायची पद्धत त्यानं बंद केली होती. शिडी आता माणूस स्वतः सांगेल तेव्हाच काढायची. आणि सामान ज्यानं त्यानं आणायचं नाही, कामावरूनच मिळायचं, तारखेची चिठ्ठी बघून. ठेकेदाराशी त्यावरून चार दिवस भांडला होता. निलगिरी अजून बाकी आहेत, म्हणाला, येतोस का?

कामाच्या खर्चानं मिळणारा पट्टा निवडायला दुकानात लंब्या, बायको आणि उस्ताद तिघंही गेले. कापलेले तुकडे उस्तादांनी स्वतःच्या हातानं कोपऱ्यातल्या पिंपात टाकले. मग दोरवालीला म्हणाले, आधी मी बघतो, पोराला कळत नाही. तिनं त्यांना पट्टा चढवला आणि छताला टांगलं. पाच मिनिटं उस्ताद तिथं लोंबकळत कुरकुरत होते. मांडीला रुततोय, कमरेला वर सरकतोय, हा नको, दुसरा दाखवा. दुसऱ्यात ते गप्प बसले. दोन मिनिटांनी दोरवालीला हळूच म्हणाले, "आता उतरवा मला." बायकोनं लंब्याकडे बघितलं. वडिलांनी कुणाकडे काही मागितलेलं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

दारामागचा खिळा अजून आहे. त्यावर आता लंब्याचा शर्ट असतो.

तर मंडळी, तुमच्या घरातही खिळ्यावर काही तरी असेल, ज्याबद्दल विचारायचं नाही असं ठरलेलं आहे. थोरांनी दिलंय म्हणून, चार लोकांसमोर दिलंय म्हणून, आपण त्यांचं खातो म्हणून. मान देऊ नका असं नाही. पण ज्यावर कुणाचा जीव लटकणार आहे ते भिडेपोटी घेऊ नका, आणि भिडेपोटी देऊ तर मुळीच नका. आधी उलटं करून बघा. शिवण कुणाची, एवढं विचारा. विचारायची सोय नसेल, तर फाटलंय कुठं ते तिथंच कळलं.